खालच्या मजल्यावरचं सुतारकाम आणि रब्बी योसेफचे कावळे

प्रश्न: ताई, आम्ही इस्रायलमध्ये लोदला राहतो, मूळचे रायगडातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात अजून मराठीच चालते. सासूबाईंना मागे अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या पलंगावरच आहेत आणि मोठ्या आवाजाने त्यांचं डोकं भयंकर दुखतं. खालच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्याने घरातच सुतारकाम मांडलंय, किचनची कपाटं बनवतो, सकाळपासून कटिंग मशीन सुरू, भिंत हादरते, भुसा वर आमच्या गॅलरीत येतो. हे चार-पाच वर्षं चालूच आहे, आधी आम्ही दोघं कामावर जायचो आणि सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या म्हणून कधी बोललो नाही. आता सांगायला गेले तर म्हणतो इतकी वर्षं गप्प होतात ना, आता माझा हक्क झाला, आणि पदरात तीन मुलं आहेत, मशीन बंद करून खाऊ काय? धार्मिक माणूस आहे, पोलीस-कोर्ट नको, बेथ दीनकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, रब्बींच्या न्यायालयाकडे जाऊ, रब्बी म्हणतील ते मान्य असं म्हणतो. मिस्टर म्हणतात बिल्डिंगमध्ये बाकी कोणाला त्रास होत नाही, तूच फार मनाला लावून घेतेस. आणि सासूबाई रब्बींचं नाव काढलं की तोंड फिरवतात. मी चुकतेय का? बेथ दीनला जाऊ का?

उत्तर:

अगं, चुकत नाहीयेस तू, हे आधी सांगून टाकते. आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, शेजारी ज्या परंपरेचं नाव घेतोय ना त्याच परंपरेत तुझ्या केससारखी एक केस साधारण सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेलीये, आणि त्यात तुझ्या शेजाऱ्याचा एक, तो उद्या काढेल असा दुसरा आणि तुझ्या मिस्टरांचा एक असे तिन्ही मुद्दे आलेत. एक एक करून आलेत आणि एक एक करून खोडले गेलेत. नीट वाच, नवऱ्यालाही वाचायला दे.

बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फल्लूजाजवळ पुंबेदिता म्हणून गाव होतं, तिथे मोठी यशिवा, म्हणजे धर्मशास्त्राची शाळा होती. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तिथले प्रमुख होते रब्बी योसेफ. दृष्टी गेलेली, पण पाठांतर असं की सगळी परंपरा डोक्यात. त्यांची खजुराची झाडं होती. त्या झाडांखाली रक्त काढणारे लोक येऊन बसायचे, त्या काळात अंगातलं दूषित रक्त काढणं हा औषधोपचारच होता, लोक रांगेने यायचे, म्हणजे काम काही वाईट नव्हतं, उलट गावाच्या गरजेचं होतं. पण रक्त सांडलं की कावळे जमायचे, रक्त खायचे, मग उडून वर खजुराच्या झाडांवर बसायचे आणि फळं खराब करायचे. रब्बी योसेफ म्हणाले, हे काव काव करणारे इथून हलवा माझ्यासमोरून.

आता मजा बघ, त्यांच्या विरुद्ध कोण उभं राहिलं? त्यांचाच शिष्य अबाये, जो पुढे त्यांच्यानंतर त्याच यशिवेचा प्रमुख झाला. तो म्हणाला, गुरुजी, त्या माणसांनी तुमच्या खजुराला हातही लावलेला नाही, नुकसान करतायत कावळे, हे तर आडून झालेलं नुकसान. (तुझा शेजारीही उद्या हेच म्हणेल, की मी तुमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही, माझ्या फ्लॅटमध्ये माझं मशीन आहे.) रब्बी योसेफ म्हणाले, शेजाऱ्याच्या बाबतीत आडून नुकसान करायलाही मनाई आहे, तसं आपल्याला शिकवलंय. मग अबाये म्हणाला, पण त्यांची वहिवाट झालीये. ते लोक तिथे बसत आलेत आणि कोणी काही बोललेलं नाही. रब्बी योसेफ म्हणाले, दुसऱ्याला इजा करण्याची वहिवाट होत नाही. अबाये तरी सोडेना, तो म्हणाला ते खरं, पण मोठ्यांनी त्याचा अर्थ लावताना फक्त धूर आणि संडासाचा वास एवढीच उदाहरणं दिलीत, कावळ्यांचं कुठे काय म्हटलंय? आणि इथे रब्बी योसेफनी जे उत्तर दिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, माझा स्वभाव नाजूक आहे, मला हे सहन होत नाही, माझ्यासाठी हे कावळे म्हणजे धूर आणि संडासच.

वाद तिथेच संपतो. अबायेचं पुढे काही उत्तर नाही. तालमूद या ज्यू कायद्याच्या मोठ्या ग्रंथात, त्यातल्या बावा बाथ्रा या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात हे सगळं आहे, ते प्रकरणच अख्खं शेजाऱ्यांच्या भांडणांवर आहे, विहीर किती लांब खणायची, भट्टी कुठे लावायची, कातडी कमवायचा कारखाना गावाच्या कोणत्या दिशेला हवा असलं सगळं.

आता तू म्हणशील की ते स्वतःच रब्बी, स्वतःच फिर्यादी, त्यांचं म्हणणं कोण खोडणार? बरोबर आहे, मलाही वाचताना पहिल्यांदा हेच वाटलं होतं. पण पुढच्या लोकांनी ते एका मोठ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिलं नाही, त्याचा नियम केला. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये रामबामने, म्हणजे मोशे बेन मैमोनने, सगळा कायदा एकत्र लिहिला तेव्हा शेजाऱ्यांच्या प्रकरणात ही केस घेतली आणि तीही जास्त स्पष्ट करून. तो लिहितो की कोणी स्वतःच्या जागेत रक्ताचं किंवा मेलेल्या जनावरांचं काम करतोय आणि त्यामुळे कावळे येतात आणि त्यांच्या आवाजाने किंवा रक्ताळलेल्या पायांनी शेजाऱ्याला त्रास होतो, तर तो शेजारी हळवा असेल किंवा आजारी असेल आणि तो आवाज त्याला बाधत असेल, तर काम करणाऱ्याने ते काम बंद करावं नाहीतर त्रास पोचणार नाही इतकं लांब न्यावं. आवाज हा शब्द त्याने घातलाय, तालमूदमध्ये खजूर खराब होण्याचं दुखणं होतं, रामबामने कानांचं दुखणंही त्यात धरलं. आणि आजारी हा शब्दही घातलाय. तुझ्या सासूबाईंची केस इतकी सरळ तिथे लिहिलेली आहे.

गप्प राहण्याबद्दलही तो बोलतो. धूर, संडासाचा वास, धूळ आणि जमीन हादरणं, या चारांना वहिवाट नाही, शेजारी कित्येक वर्षं गप्प राहिला असला तरी नंतर तो उठून म्हणू शकतो की आता लांब ने. कारण काय देतो तर अशा गोष्टी माणसाला सहन होतच नाहीत आणि हा त्रास रोजचा असतो, त्यामुळे गप्प बसला म्हणजे हक्क सोडला असं धरायचं नाही. हक्क सोडायचा तर तसं रीतसर ठरवून दिलेलं पाहिजे. तुम्ही असं काही लिहून किंवा ठरवून दिलंयत का त्याला? नसेल तर चार-पाच वर्षांचा मुद्दा तुझ्या डोक्यातून काढून टाक. आणि त्या चारात धूळ आणि हादरे आहेत, तुझ्याकडे भुसाही येतोय आणि भिंतही हादरतेय, म्हणजे तू फक्त आवाजाची तक्रार करतेयस ते अर्धंच सांगतेयस.

हादऱ्यावरून आणखी एक केस आहे, ती तुला आवडेल. पापी योना नावाचा माणूस, आधी गरीब होता, मग पैसा आला, मोठा वाडा बांधला. शेजारी तेली होते, ते तीळ कुटायला लागले की ह्याचा वाडा हलायचा. तो रब्बी आशीकडे गेला. रब्बी आशी म्हणजे पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे फार मोठे नाव, सुराच्या यशिवेचे प्रमुख. त्यांनी आपल्या गुरूंचा दाखला देऊन सांगितलं की जो धक्का माणसाच्या हातून थेट बाणासारखा दुसऱ्याच्या घरात पोचतो तो चालत नाही. मग प्रश्न आला की किती हललं म्हणजे हललं? तर उत्तर आहे, पाण्याच्या रांजणावरचं झाकण हलायला लागलं की तेवढं पुरे. बस, एवढं सोपं मोजमाप. (तेली म्हटल्यावर तुझ्या घरच्यांच्या कानात वाजलंच असेल, रायगडात तुमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. म्हणजे या केसमध्ये तुमचे पणजोबा कदाचित समोरच्या बाजूला बसले असते.) तर तू आजच एक काम कर, स्टीलच्या डब्यावर झाकण नुसतं ठेव, लावू नको, सासूबाईंच्या पलंगाजवळ जमिनीवर ठेव आणि खाली मशीन सुरू झालं की मोबाइलवर व्हिडिओ काढ. दयान लोकांना, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांना, ही कसोटी तोंडपाठ असते, तो व्हिडिओ त्यांना दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त सांगेल.

पण थांब, फक्त तुझ्या बाजूचंच सांगून पाठवलं तर तिथे गेल्यावर तुला धक्का बसेल. शेजाऱ्याच्या बाजूनेही जबरदस्त आधार आहे आणि तो जास्त जुना आहे, मिश्नामधला, म्हणजे तालमूदचा जो मूळ गाभा आहे त्यातला, साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचा. तिथे म्हटलंय की सामाईक अंगणात कोणी दुकान काढलं तर शेजारी म्हणू शकतो की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आवाजाने मला झोप लागत नाही, माल घरात बनव आणि बाजारात जाऊन विक. पण घरातल्या हातोड्याच्या आवाजाने झोपता येत नाही, जात्याच्या आवाजाने झोपता येत नाही, शिकणाऱ्या मुलांच्या आवाजाने झोपता येत नाही, असं म्हणून अडवता येत नाही. हातोडा म्हटलंय बघ, म्हणजे सुतार-लोहार सगळे आले. त्या लोकांना पोट महत्त्वाचं होतं आणि मुलांचं शिक्षण महत्त्वाचं होतं, अंगणात चार घरं असली तर एकमेकांच्या कामाचा आवाज सोसायचाच, हा नियम मलाही मनापासून पटतो. तुझा शेजारी बेथ दीनला एवढ्या हौसेने का तयार झाला असेल, तर त्याने हा मिश्ना ऐकलेला असणार.

मग ह्या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, एकीकडे हातोडा चालेल आणि दुसरीकडे कावळेही चालणार नाहीत? हा प्रश्न चौदाव्या शतकात प्रत्यक्ष समोर आला. रब्बी यित्झाक बेन शेशेत, बार्सिलोनाचे, 1391 च्या दंगलीनंतर स्पेन सोडून अल्जियर्सला गेले आणि 1408 मध्ये तिथेच वारले. लांबलांबून लोक त्यांना पत्रं लिहून निवाडे विचारायचे, शेजाऱ्यांची भांडणंही पत्रात लिहून येत होती. त्यात एक प्रश्न विणकराच्या मागाचा होता, मागाच्या ठोक्यांनी शेजारच्या घराला आणि घरातल्या आजारी माणसाला त्रास होत होता. त्यांनी रब्बी योसेफचे कावळे पुन्हा बाहेर काढले आणि सांगितलं की हातोड्याचा आवाज सहन करा हे धडधाकट माणसाला सांगितलंय. आजारी माणसाला तो आवाज बाधत असेल तर तो अडवू शकतो. एवढीच रेघ, पण तीच सगळं बदलते. सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इसर्लेस यांनी शुल्हान आरुख या ज्यू कायद्याच्या संहितेवर टिपा लिहिल्या तेव्हा हा निवाडा एका ओळीत तिथे घातला, तिच्या होशेन मिश्पात या भागात, प्रकरण 156 मध्ये, आणि तेव्हापासून तो कायद्याचाच भाग आहे. कोणत्याही दयानला हे पान माहीत असतं.

म्हणजे मिस्टरांना सांग, बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना त्रास होत नाही हे उत्तरच नाहीये, बाकीचे धडधाकट आहेत. तुझ्या एकटीच्या झोपेसाठी तू गेलीस तर बहुतेक हरशील. पलंगावर असलेल्या सासूबाईंसाठी गेलीस तर तुझी बाजू भक्कम आहे. म्हणून अर्ज त्यांच्या नावाने कर, डॉक्टरांचं पत्र घे ज्यात झटक्यानंतर मोठ्या आवाजाने आणि हादऱ्याने काय होतं ते स्पष्ट लिहिलेलं असेल, उगाच स्वतःच्या चिडचिडीबद्दल बोलत बसू नकोस. आणि एक गोष्ट मात्र त्यात मिसळू नकोस, त्याच्या मुलांचा आवाज. विसाव्या शतकात बनी ब्रॅकचे हाझोन इश या नावाने ओळखले जाणारे रब्बी यांनी स्पष्ट लिहिलंय की घरात नेहमीसारखं राहणं, रात्री बाळ रडणं, हे आजारी शेजाऱ्यासाठीही अडवता येत नाही. घर हे राहायलाच असतं. तू सुतारकामाबद्दल बोल, मुलांबद्दल अवाक्षर नको.

आता सासूबाई. त्या तोंड फिरवतात ते मला कळतं, आणि कृपा करून त्यांना जुनं विसरा असं कोणीही म्हणू नका. 1948 नंतर तुमचे लोक कोकणातून, मुंबईतून इथे येत गेले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रब्बिनेटने, म्हणजे इथल्या सरकारी धर्मपीठाने, त्यांच्या लग्नांच्या वेळी पणजी-खापरपणजीपर्यंत चौकशी करायचा आदेश काढला, पिढ्यानपिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांना ज्यू असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, शेवटी 1964 मध्ये क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. ज्या मुलीने तेव्हा हे बघितलं ती आज म्हातारपणी त्याच नावाच्या दारात जायला नाही म्हणाली तर तिचा तो हक्क आहे. तिच्या अपमानाचं आधी ऐकून घे, मग सांग.

काय सांग? तर एवढं, की तू जिथे जाणार आहेस ते रब्बिनेटचं कार्यालयच नाही. सरकारी रब्बिनिक कोर्टाकडे लग्न-घटस्फोटाचा अधिकार आहे, पैशाचे-शेजाराचे वाद लवाद म्हणून चालवायचा अधिकार त्यांना नाही असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये सांगितलं होतं. शेजाराचे वाद खाजगी बेथ दीन घेतात, ते 1968 च्या लवाद कायद्याखाली चालतं, दोघांनी आधी लवादाच्या कागदावर सही करायची आणि मग निकाल दोघांना बांधील, हवा तर दिवाणी कोर्टात जाऊन अंमलात आणता येतो. तिथे तुमची वंशावळ कोणी विचारणार नाही, भिंत हलते का आणि म्हातारी आजारी आहे का एवढंच विचारतील. आणि दयान निवडण्यातही तुम्हाला हात आहे, जुनी पद्धत अशी की एक तुम्ही निवडायचा, एक त्याने, आणि ते दोघं मिळून तिसरा. तुमच्या समाजातल्या किंवा तुमच्या समाजाला ओळखणाऱ्या रब्बीचं नाव तू सुचवू शकतेस. कदाचित सासूबाईंना ते ऐकून जरा बरं वाटेल, नाही वाटलं तर त्यांना तिथे येण्याची गरजच नाही, तू त्यांच्या वतीने जा, किंवा सरळ बेथ दीन नको म्हण आणि नगरपालिकेला 106 वर फोन कर, आवाज-धुराच्या उपद्रवाविरुद्ध 1961 पासून कायदा आहे, राहत्या फ्लॅटमध्ये मशीन लावून धंदा करायला परवाना आहे का हाही प्रश्न तिथे निघेलच. पण तो निघाला की त्याचं सगळंच बंद होईल, म्हणून मी तो रस्ता दुसऱ्या नंबरवर ठेवते. शेजारी स्वतःहून लवादाला तयार आहे, असा माणूस रोज भेटत नाही.

कारण खरं सांगायचं तर त्या कावळ्यांच्या गोष्टीत मला एक गोष्ट कायम खटकते. रक्त काढणारे ते लोक नंतर कुठे गेले हे तालमूद सांगतच नाही. तेही गरीबच असणार, सावली बघून बसलेले. रब्बी योसेफ जिंकले हे बरोबर झालं, पण त्या माणसांचं पुढे काय झालं हे कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. तुझ्या शेजाऱ्याच्या बाबतीत ते तू विचार. रामबामचे शब्द लक्षात ठेव, काम बंद करावं नाहीतर लांब न्यावं, दोन पर्याय आहेत, आणि तू दुसरा माग. मोठं कटिंग मशीन आणि रंधा इंडस्ट्रियल एरियातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, भाड्याने जागा शेअर करून. जोडणी, स्क्रू, बिजागऱ्या हे घरी करू दे, हातोडा चालू दे. तोवर दोन-तीन महिने मशीनखाली रबरचे जाड पॅड, भुसा ओढणारं मशीन, आणि सासूबाईंच्या झोपेच्या वेळी बंद. त्याला भाड्याचा बोजा पहिल्या काही महिन्यांपुरता जड जात असेल तर थोडा वाटा तुम्ही उचलायला तयार आहात का हे नवऱ्याशी आधी बोलून ठेव. कायद्याने तुमच्यावर तसं बंधन नाही, पण तेवढ्याने शेजारी दारात भेटल्यावर बोलत राहणार असेल तर मी दिला असता.

बेथ दीनने सुरुवातीलाच दोघांना विचारायचं असतं की काटेकोर निवाडा हवा की तडजोड, तसं विचारणं हे पुण्याचं काम मानलंय, त्यामुळे तिथे गेल्यावर तडजोड म्हण. कमजोर बाजू असते म्हणून तडजोड मागतात असं काही नाही, तुझी बाजू भक्कम आहे आणि तरी तू तडजोड म्हणतेयस हे दयानना बरोबर दिसतं.

शेजाऱ्याशी पुन्हा बोलायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, मिस्टरांना घेऊन जा, आणि आधी त्याला वर बोलव, मशीन मुलाला किंवा कोणाला तरी चालू ठेवायला सांगून. सासूबाईंच्या खोलीत पाच मिनिटं बसू दे त्याला, चहा दे. लवादाचा कागद आला की सही करायच्या आधी मला त्याचा फोटो पाठव, अपिलाची सोय ठेवलीये का आणि फी कोण भरणार हे दोन मुद्दे मी बघून सांगते.